कोर्सला जाताच आलं नाही, मग फी परत मागायची का?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या घरून केक, नानकटाई, बिस्किटांच्या ऑर्डरी घेतात. काम वाढवायचं म्हणून पुण्यातल्या एका खासगी संस्थेच्या दहा दिवसांच्या निवासी बेकरी वर्गाला त्यांनी नाव घातलं. फी ४५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५३,१०० रुपये यूपीआयनं एकरकमी भरले. पैसे त्यांच्या स्वतःच्या कमाईतले, भिशी उचलून जमवलेले. वर्ग सुरू व्हायच्या तीन दिवस आधी सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. यजमान कामानिमित्त परगावी. येता येणार नाही, असं त्यांनी त्याच संध्याकाळी संस्थेला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. पुढे पैसे मागितले तेव्हा उत्तर आलं, "फी नॉन-रिफंडेबल आहे, फॉर्मवर लिहिलेलं आहे. जागा असेल तर पुढच्या बॅचला या, पाच हजार जादा भरावे लागतील." यजमान म्हणतात, गेले ते गेले. दीर म्हणतात, फेसबुकवर त्यांची लाज काढ. भगिनी विचारतात, "अट वाचून खूण मीच केली, अडचणही माझ्याच घरची. मग पैसे मागायचा मला हक्क आहे का? आणि असला तरी एवढ्या रकमेसाठी कोर्टकचेरी करावी का?"

उत्तर:

ताई,

सासूबाई आता आधार घेऊन का होईना, चालू लागल्या असतील अशी आशा करते. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे घरातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यात तुम्ही ऑर्डरीही सांभाळल्यात. एवढं होऊनही पत्रात तुम्ही तीनदा लिहिलं आहे, "चूक माझीच आहे." आधी त्याबद्दलच बोलायला हवं, कारण पैसे मागायला तुमचा हात त्यामुळेच कचरतो आहे.

तुमच्या पत्राचा बराचसा भाग सासूबाईंच्या पडण्यावर आणि संस्थेतल्या माणसाच्या तुटक बोलण्यावर खर्च झाला आहे. अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिलंत: "माझ्या भाचीच्या मैत्रिणीला दुसऱ्याच दिवशी तिथून फोन गेला, एक जागा झाली आहे, आज पैसे भरलेत तर घेतो, आणि ती जाऊनही आली." ताई, तुमच्या प्रकरणाचा सगळा जीव या एका वाक्यात आहे. सासूबाईंच्या पडण्यानं समोरच्याला तुमची कणव येईल. पण तुमची जागा भरली गेली असेल, तर त्यांच्याकडे कणव असो वा नसो, ५३,१०० रुपये ठेवून घ्यायला त्यांना फारसा आधार उरत नाही.

असं का, ते सांगते. 'अट लिहिलेली होती आणि मी मान्य केली, म्हणजे विषय संपला' असं आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात, आणि संस्थाही तेच धरून चालतात. आपला करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ७४ व्या कलमाचा गाभा असा की, कराराचा भंग झाला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो भरपाईची कमाल मर्यादा ठरतो. तेवढा आकडा आपोआप खिशात घालायची मुभा मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्यात 'अन्याय्य करार' कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे, आणि ग्राहकानं करार मोडल्यामुळे दुसऱ्या बाजूचं जे नुकसान झालं त्याच्या मानानं अवाच्या सवा दंड लावणं त्यात स्पष्टपणे येतं. म्हणून 'अट होती का?' एवढंच विचारून भागत नाही. मी न आल्यानं तुमचं नेमकं काय नुकसान झालं, हे विचारावं लागतं. तुमच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न अजून एकदाही आलेला नाही. तुम्ही विनंती करत राहिलात, ते अट दाखवत राहिले.

आता दुसरी बाजूही नीट पाहू. समजा, तुमची जागा रिकामीच राहिली असती. बारा जणींची बॅच, बारा टेबलं, तेवढ्यांच्या हिशेबानं आणलेलं लोणी, मैदा, चॉकलेट, राहण्याच्या खोल्या, शिकवणाऱ्या शेफचं ठरलेलं मानधन. तीन दिवस आधी एक जण गळाली तर यातला बराच खर्च तसाच राहतो. त्या परिस्थितीत पूर्ण पैसे मागा असं मी तुम्हाला सांगितलं नसतं. निम्म्यावर तडजोड झाली तरी ती न्याय्य मानली असती. लहान प्रशिक्षण संस्था चालवणाऱ्यांचीही पोटं त्यावर असतात, आणि ऐनवेळी रद्द करणाऱ्यांचा त्यांना खराखुरा जाच असतो. पण एकाच टेबलाचे दोघींकडून पैसे घ्यायचे आणि एकीला अट दाखवायची, हे मला अजिबात पटत नाही.

तरीही एक सावधगिरी. त्या मुलीला मिळाली ती जागा तुमचीच होती हे आपल्याला खात्रीनं माहीत नाही. आणखी कुणी गळालं असेल, किंवा त्यांनी तेरावं टेबल लावलं असेल. म्हणून पत्रात आरोप करू नका, विचारा. त्या मुलीचं नाव तिला न विचारता कुठेही घालू नका. तिला प्रमाणपत्र त्याच संस्थेकडून घ्यायचं आहे, कदाचित पुढचा वर्गही तिथेच करायचा असेल. भाचीमार्फत एवढंच विचारा की, फोन कोणत्या तारखेला आला, त्याबद्दलचा मेसेज तिच्याकडे आहे का, आणि गरज पडली तर तो वापरू का. ती नको म्हणाली तर तो विषय तिथेच सोडा. बॅचमध्ये किती जागा होत्या आणि किती जणी आल्या, हे सांगायची जबाबदारी संस्थेवर टाकता येते.

पत्र लिहायच्या आधी एक काम आजच उरका. ज्या ऑनलाइन फॉर्मवर तुम्ही खूण केलीत तो उघडून अटींसकट त्याचे स्क्रीनशॉट घ्या. 'मर्यादित १२ जागा' असं लिहिलेली जाहिरात असेल तर तिचाही घ्या. अशी पानं बदलतात, आणि बदलली की काल तिथे काय होतं हे सांगणं अवघड होतं. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, पावती, तुम्ही कळवल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तारीख-वेळ दिसेल असा, सासूबाईंच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. त्यांच्या माणसाशी फोनवर झालेलं बोलणं आठवेल तसं तारखेसह लिहून काढा. यापुढे फोनवर बोलणं झालं तर लगेच मेसेज टाका: "आत्ता आपलं असं असं बोलणं झालं."

आता पत्र. मोठं लिहू नका. ईमेलनं पाठवा आणि छापील प्रत स्पीड पोस्टनं. मजकूर साधारण असा ठेवा:

"आपल्या बेकरी प्रशिक्षण वर्गासाठी मी अमुक तारखेला ५३,१०० रुपये भरले. सासूबाईंच्या तातडीच्या ऑपरेशनमुळे येता येणार नाही हे वर्ग सुरू होण्याच्या तीन दिवस आधी लेखी कळवलं. मी वर्गाची कोणतीही सेवा घेतलेली नाही. कृपया पुढील माहिती द्यावी: बॅचच्या एकूण जागा किती होत्या, मी कळवल्यानंतर नवीन प्रवेश दिला गेला का, आणि माझ्या न येण्यानं आपला नेमका कोणता खर्च वाया गेला. प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च, त्याचा तपशील दाखवून, वजा करून उरलेली रक्कम १५ दिवसांत परत करावी. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

यात विनवणी नाही आणि धमकीही नाही. 'वाजवी खर्च वजा करून' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. पुढे प्रकरण आयोगापुढे गेलंच तर तुम्ही पहिल्यापासून समंजसपणे वागलात हे या कागदावरून दिसेल. मनात मात्र एक आकडा आधीच ठरवून ठेवा. जागा भरली गेली असेल तर नोंदणीच्या कामापोटी चार-पाच हजार कापून बाकीचे दिले, तर घ्या आणि मोकळ्या व्हा. त्याहून जास्त कापत असतील तर तपशील मागा.

उत्तर येईल त्यात जीएसटीचं कारण हमखास असेल. "कर सरकारला भरून झाला, तो कसा परत देणार?" हे कारण ऐकून गप्प बसू नका. आगाऊ पैसे घेतले आणि सेवा दिलीच नाही, तर रिफंड व्हाउचर, म्हणजे पैसे परत दिल्याचा कागद, काढून तो कर वळता करून घ्यायची सोय जीएसटी कायद्यात आहे. बिल आधीच फाडलेलं असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढता येते. क्रेडिट नोटनं कर कमी करून घ्यायला मुदत असते, ज्या आर्थिक वर्षात बिल झालं ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. म्हणून हे लांबवू नका. त्यांच्या अकाउंटंटला हे सगळं माहीत असतं. फोन उचलणाऱ्या मुलाला नसतं.

पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. मराठीतही बोलता येतं. ते तुमची तक्रार संस्थेकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. त्यांचा आदेश बंधनकारक नसतो हे खरं, पण सरकारी यंत्रणेकडून विचारणा आली की मालकापर्यंत फाइल जाते, आणि कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात. त्याला तुमच्या खिशातून काही लागत नाही.

आणि कोर्टकचेरी. या शब्दानं तुमच्या डोळ्यांसमोर काळे कोट, तारखांवर तारखा आणि वकिलाची फी उभी राहते, ते स्वाभाविक आहे. जिल्हा ग्राहक आयोग त्यामानानं बराच साधा आहे. मोबदल्याची, म्हणजे तुम्ही भरलेली, रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील देणं सक्तीचं नाही. संस्था पुण्यात असली तरी २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार दाखल करता येते. ती ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा सासूबाईंचं दुखणं निस्तरून मगच हात घातलात तरी चालेल. निकालासाठी कायद्यानं काही महिन्यांचीच मुदत घातली आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हेही धरून चाला.

इथे एक बारकावा आहे. 'हा करारच अन्याय्य आहे' अशी थेट मागणी करायची तर ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. जिल्हा आयोगापुढे 'सेवा न देता पैसे ठेवून घेतले, ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे' अशी मांडणी करावी लागते. तक्रार लिहिण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि आजही गावोगावी तिचे कार्यकर्ते आहेत. तुमच्या तालुक्यात कोण आहे याची चौकशी करा. अशा मसुद्यावर नजर टाकायला ती माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

संस्था कदाचित म्हणेल, "आम्ही शिक्षणसंस्था आहोत, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही." विद्यापीठं आणि महाविद्यालयांबद्दल हा वाद खरोखर आहे. पण २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठानं शिक्षणसंस्थांना कायद्याबाहेर ठेवतानाच कोचिंग संस्थांना ती सवलत मिळणार नाही, असं सांगितलं. बाजारात फी आकारून दहा दिवस बेकरी शिकवणारी खासगी संस्था यातल्या कोणत्या बाजूला जास्त जवळची आहे, हे तुम्हीच ठरवा.

दिरांचा राग मला कळतो. घरच्या बाईचे पैसे बुडाले म्हणून ते तुमच्या बाजूनं उभे राहिले, याचं मला कौतुकच वाटतं. पण फेसबुकचं पाऊल आत्ता उचलू नका. आधी लाज काढली की समोरचा माणूस पैशाचा विचार सोडून अब्रूचा विचार करायला लागतो, आणि 'फसवे', 'चोर' असे शब्द पडले तर तुमच्यावरच बदनामीचा दावा लागू शकतो. सगळे मार्ग संपल्यावर, घडलं तेवढंच, तारखांसह आणि विशेषणांशिवाय लिहायला तुम्हाला कुणाची हरकत नाही. दिरांना त्याऐवजी स्क्रीनशॉट आणि पत्र पोस्टात टाकायचं काम द्या.

यजमानांच्या 'गेले ते गेले' बद्दलही थोडं लिहिते. ते हे तुमच्या मनाला त्रास होऊ नये म्हणून म्हणत असतील. पण हीच रक्कम त्यांच्या धंद्यात अडकली असती, तर त्यांनी ती इतक्या सहज सोडली असती का? बाईच्या शिकण्याचे पैसे हौसेचे, असं घरात नकळत धरलं जातं, आणि 'एवढी रक्कम' ही 'एवढीशी रक्कम' होऊन बसते. भिशीचा हप्ता तुम्ही अजून भरत असाल. ओव्हनपुढे उभं राहून मिळवलेले ते पैसे आहेत, आणि ते मागताना तुम्ही कुणापुढेही खाली मान घालायचं कारण नाही.

आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्हाला पैसे हवे आहेत की शिक्षण? पत्रात दोन्ही आहे, आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. अजूनही हाच वर्ग हवा असेल तर 'पुढच्या बॅचला या' हा त्यांचा प्रस्ताव झिडकारू नका, फक्त तो पक्का करून घ्या. 'जागा असेल तर' हे शब्द मान्य करू नका. बॅचची तारीख, जागा राखून ठेवल्याचं लेखी आश्वासन, जादा पाच हजार रद्द, आणि तेव्हाही बॅच झाली नाही तर पूर्ण परतावा, एवढं ईमेलवर आलं तरच होकार द्या. आलं नाही, तर पैसेच मागा. नुसतं 'तुमचे पैसे आमच्याकडे जमा आहेत, कधीही या' यावर विसंबू नका. संस्था जागा बदलतात, बंदही पडतात.

त्या माणसाच्या वागण्यानं मन विटलं असेल तर पैसे घ्या आणि दुसरीकडे पाहा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत खाद्यपदार्थांचेही वर्ग होतात, निवासी आणि मोफत. पुण्याच्या शेफचं वळण तिथे मिळणार नाही, पण हिशेब, पॅकिंग आणि कर्जाची कागदपत्रं यांची ओळख होते, आणि काम वाढवायचं म्हणता तर तुम्हाला त्याची गरज आहेच.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. मुलाला नीट किंवा जेईईच्या क्लासला घातलं आणि त्यानं मध्येच सोडलं, तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना पाहा. उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी १० दिवसांत परत करावी असं त्यात आहे. कॉलेजचा प्रवेश रद्द केला असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे परताव्याचे टप्पे वेगळे आहेत. त्यात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपासून दिवस मोजतात आणि एक महिना उलटला की काहीच मिळत नाही, म्हणून अर्ज त्याच दिवशी द्यावा. फी क्लासनं जोडून दिलेल्या कर्जातून भरली असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. कर्ज तुमच्या नावावर आहे आणि सिबिल तुमचा बिघडेल. क्लासला लिहिता तेव्हाच कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लिहा. तिनं ३० दिवसांत दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. आणि वर्ग संस्थेनंच रद्द केला किंवा तारीख परस्पर बदलली असेल, तर वरची सगळी घासाघीस करायचं कारणच नाही, पूर्ण पैसे मागा.

ताई, पुढच्या बॅचची तारीख घेणार असाल तर त्याआधी घरातली एक बोलणी करून ठेवा. ते दहा दिवस सासूबाईंना रात्री कोण उठवणार, औषधं कोण देणार, डबा कुठून येणार, हे यजमान आणि दिरांसमोर नावानिशी ठरू द्या. नणंद येऊ शकत असेल तर तिला आत्ताच विचारा. ते ठरलं की मगच संस्थेला होकार कळवा. पैशाचं पत्र मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका, ते याच आठवड्यात जाऊ द्या.